गर्दीपलीकडचे झायन : कोलॉबच्या लाल कड्यांपाशी एक दिवस

प्रवासाचा बेत आखताना आपण सहसा प्रसिद्ध ठिकाणांची यादी करतो. ज्या स्थळाचे छायाचित्र दिनदर्शिकेवर पाहिलेले असते, तेच प्रत्यक्ष पाहावे अशी मनाची ओढ असते आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु जे सर्वांनी पाहायचे ठरवलेले असते तेथे सर्वजण एकाच वेळी पोहोचतात, हा अनुभवही ओघानेच येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात आम्हाला तो पुरेपूर आला. त्याच उद्यानाच्या एका दुर्लक्षित कोपऱ्याने त्याची भरपाईही केली. त्या कोपऱ्याचे नाव कोलॉब कॅनियन्स. वाचकांपैकी कोणी मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे त्या भागात जाणार असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवासी आम्ही तिघे होतो. नोकरीनिमित्त लास वेगासमध्ये राहणारा माझा दादा, मी आणि एकोणसत्तर वर्षांचे आमचे बाबा. बाबा आपल्याच बँकेतून मुख्य रोखपाल म्हणून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून त्यांचे बोलणे अगदी कमी झाले होते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळे, पण आपण होऊन ते काही सांगत नसत. डाव्या गुडघ्याची तक्रारही होती. "बाबांना महिनाभर इकडे आण, जरा बदल होईल," असा दादाचा आग्रह होता. मी शिल्लक रजा काढली आणि त्यांना घेऊन गेले.

मुख्य दरीतली गर्दी

लास वेगासहून झायन सुमारे २६० किलोमीटरवर आहे. वाटेत नेवाडा, ॲरिझोनाचा एक कोपरा आणि मग युटा अशी तीन राज्ये लागतात. युटात शिरताच घड्याळ एक तास पुढे करावे लागते. हा तास हिशेबात न धरणाऱ्याचा सारा बेत कोलमडतो, आमचाही कोलमडला. स्थानिक वेळेप्रमाणे दहाच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा उद्यानातील वाहनतळ केव्हाच भरून गेला होता. शेजारच्या स्प्रिंगडेल गावात पैसे भरून गाडी लावली आणि बसच्या रांगेत उभे राहिलो.

मुख्य दरी सुमारे २४ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ८०० मीटर खोल आहे. व्हर्जिन नदीने ती कोरून काढली. मोटारींची कोंडी असह्य झाल्यामुळे २००० सालापासून हंगामात या दरीत खासगी वाहनांना बंदी करून बससेवा सुरू करण्यात आली. तरीही माणसांचा ओघ वाढतच राहिला. २०२१ मध्ये वर्षभरातील भेटींची संख्या प्रथमच ५० लाखांच्या पुढे गेली आणि २०२४ मध्येही ती सुमारे ४९ लाख होती. 'एंजल्स लँडिंग' या अरुंद कड्यावरील प्रसिद्ध वाटेवर तर इतकी दाटी होऊ लागली, की एप्रिल २०२२ पासून तेथे जाण्यासाठी सोडतीने परवाना घ्यावा लागतो.

दरी अप्रतिम आहे याविषयी दुमत नाही. तथापि तासभर रांग, बसमध्ये उभ्याने प्रवास आणि नदीकाठच्या वाटेवर खांद्याला खांदा, यात बाबांचा गुडघा दुखू लागला. एका दगडावर टेकून ते म्हणाले, "दिवाळीच्या आदल्या दिवशीचा काउंटर आठवला." त्या दिवशी ते आपण होऊन बोललेले हे एकच वाक्य. दादाचा चेहरा उतरला. बाबांना येथे आणून आपण चूक तर केली नाही ना, असे आम्हा दोघांनाही वाटले. पण एकमेकांशी तसे बोललो नाही.

त्या रात्रीचा मुक्काम सीडर सिटी या गावी ठरलेला होता. तेथील उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका वृद्ध दांपत्याने आमची हकीकत ऐकली आणि सहजपणे विचारले, "मग तुम्ही कोलॉबला का जात नाही? ते तर येथून वीस मिनिटांवर आहे."

एकाच उद्यानाचा दुसरा दरवाजा

कोलॉब कॅनियन्स हा झायन उद्यानाचाच वायव्येकडील भाग. मात्र मुख्य दरीतून तेथे थेट नेणारा रस्ता उद्यानाच्या आत नाही. बाहेर पडून, वळसा घालून, सुमारे ६५ किलोमीटर जावे लागते. बहुसंख्य पर्यटक एवढी तसदी घेत नाहीत. वास्तविक आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५ वरील ४० क्रमांकाच्या फाट्याला लागूनच या भागाचे प्रवेशद्वार आहे. शेकडो मोटारी त्या महामार्गावरून धावत असतात, आणि डोंगराच्या पलीकडे काय आहे याची त्यांना कल्पनाही नसते.

याचा इतिहासही वेगळा आहे. हा सारा प्रदेश मूळचा दक्षिण पायूट या आदिवासी समाजाचा. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी मुख्य दरीला 'मुकुंटुवीप' या नावाने राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. १९१८ मध्ये ते नाव बदलून झायन करण्यात आले आणि १९१९ मध्ये झायन हे राष्ट्रीय उद्यान झाले. कोलॉबच्या दऱ्यांना संरक्षण मिळाले ते बऱ्याच नंतर, १९३७ मध्ये, तेही स्वतंत्र स्मारक म्हणून. आणि १९५६ मध्ये हा भाग उद्यानात विलीन झाला. झायन आणि कोलॉब ही दोन्ही नावे या भागात वसाहत करणाऱ्या मॉर्मन पंथीयांच्या धर्मपरंपरेतून आली आहेत. त्यांच्या ग्रंथांत कोलॉब हा परमेश्वराच्या निवासस्थानाच्या सर्वांत जवळचा तारा मानला आहे. काही सुळक्यांनी मात्र पायूट भाषेतील नावे टिकवून धरली आहेत. 'टुकुपिट' म्हणजे रानमांजर, तर 'नागुंट' म्हणजे डोंगरी मेंढी.

सकाळी आठ वाजता आम्ही प्रवेशद्वारापाशी पोहोचलो तेव्हा तेथे जेमतेम चार मोटारी होत्या. छोट्याशा माहिती केंद्रात एक वनरक्षक बाई होत्या. फळ्यावर त्या दिवसाची पूरशक्यता लिहिलेली होती. तिच्या चार पायऱ्या असतात : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि निश्चित अपेक्षित. त्या दिवशी दुसरी पायरी होती. बाई म्हणाल्या, "सकाळी लवकर जा आणि दुपारी आकाशावर नजर ठेवा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडला नाही तरी वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली येतो." बाबांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा मराठीत समजून घेतले.

दगडाची कहाणी

माहिती केंद्रापासून निघणारा रस्ता आठ किलोमीटरांत संपतो. पण या आठ किलोमीटरांत जे दिसते त्याला तोड नाही. पहिले वळण ओलांडताच समोर लाल कड्यांची रांग उभी राहते. हाताची बोटे पसरावीत तशा अरुंद दऱ्या डोंगरात शिरलेल्या आहेत आणि दोन दऱ्यांमध्ये सुमारे ६०० मीटर उंचीच्या उभ्या भिंती आहेत.

आपण सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेले लोक. बदामीला गेलेल्यांनी लाल वालुकाश्म पाहिला असेल; पण येथील लाली काही वेगळीच आहे. हा नवाहो वालुकाश्म. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे वाळूच्या टेकड्यांचे अफाट वाळवंट होते. वाऱ्याने रचलेले वाळूचे थर एकमेकांवर साचत गेले, दबले आणि खनिजद्रव्यांनी सांधले जाऊन त्यांचा दगड झाला. कड्यांवर तिरक्या रेघा दिसतात, त्या त्या काळातील वाऱ्याच्या दिशेच्या खुणा होत. लाल रंग आला तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे साध्या भाषेत गंजामुळे. सह्याद्रीचा लाव्हारस साधारणपणे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मानाने हा दगड अडीच पटींहून अधिक जुना! पुढे भूकवचाच्या हालचालींत हा प्रदेश वर उचलला गेला. पश्चिमेला 'हरिकेन' नावाचा प्रस्तरभंग आहे. त्याच्या एका अंगाची जमीन वर गेली, दुसरी खाली राहिली, आणि वर गेलेल्या अंगावरून वेगाने वाहणाऱ्या ओढ्यांनी या दऱ्या कापल्या.

दादा हे माहितीपत्रक वाचून दाखवत होता. बाबा म्हणाले, "म्हणजे थेंबाथेंबाने डोंगर कापला. आवर्ती ठेवच की!" आम्ही दोघे हसलो. फार दिवसांनी बाबांनी काहीतरी गमतीचे म्हटले होते.

टेलर ओढ्याच्या काठाने

रस्त्यावर सुमारे तीन किलोमीटर आत गेल्यावर टेलर ओढ्याची पायवाट सुरू होते. जाऊन येऊन आठ किलोमीटरांची ही वाट. चढ एकूण १४० मीटरांच्या आसपास, त्यामुळे वयस्करांनाही सावकाश चालता येते. गुडघ्याला पट्टा बांधून आणि हातात काठी घेऊन बाबा निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी एक अट घातली : "बरोबर साडेअकरा वाजले की जिथे असू तिथून परत फिरायचे. काउंटर बंद करायची वेळ ठरलेली असली पाहिजे." आम्ही मान डोलावली.

ही वाट ओढ्याच्या कडेने नव्हे, तर ओढ्यातूनच जाते म्हणा ना! कधी या काठाला, कधी त्या काठाला, असे ती वारंवार पात्र ओलांडते. पाणी घोट्याइतके, नितळ आणि थंडगार. दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आले, की बाबा प्रत्येक ओलांडणी मोजत आहेत. नोटा मोजताना होत तसे त्यांचे ओठ हलत होते. "सात," "आठ," असे मधूनच ऐकू येई. अडतीस वर्षे रोकड मोजलेला माणूस दुसरे काय करणार?

वाटेवर जुनिपर आणि पिन्यन पाइनची बुटकी झाडे होती. जसजसे आत जावे तसतशी सावली दाट आणि हवा थंड होत होती. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत होते. निळ्या पंखांचे एक पाखरू बराच वेळ आमच्या पुढे पुढे उडत होते. तासाभरात समोरून फक्त दोन माणसे आली. त्यांनी हसून वाट दिली आणि ती पुढे गेली. पाण्याच्या खळखळाटाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

दीडएक किलोमीटरवर लाकडी ओंडक्यांची एक जुनी झोपडी लागते आणि पुढे आत दुसरी. लार्सन आणि फाइफ या दोघांनी १९३० च्या सुमारास त्या बांधल्या. त्या देशात १८६२ साली असा कायदा झाला होता, की सरकारी जमिनीवर घर बांधून ती पाच वर्षे कसणाऱ्याला १६० एकर जमीन मालकी हक्काने मिळे. अशा रीतीने या अडचणीच्या दऱ्यांतही माणसे घर करू पाहत होती. ओंडक्यांच्या फटी, ठेंगणे दार, आत अंधार. बाबा पहिल्या झोपडीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईने लगेच विचारले असते, पाणी कुठून आणत होते आणि चूल कुठे होती." त्यांनी आईचा विषय काढला तो इतक्या महिन्यांत प्रथमच. मी म्हटले, "ओढा दाराशीच आहे की, बाबा." ते म्हणाले, "हो, पण पावसाळ्यात?" आणि चालू लागले.

अर्धा मैल शिल्लक

वाटेच्या शेवटी 'डबल आर्च अल्कोव्ह' नावाचे स्थळ आहे. कड्याच्या पायथ्याशी भली मोठी कपार आणि तिच्या वर उंचावर दुसरी कमान. वालुकाश्मात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरापाशी अडते व बाजूने पाझरते, दगड आतून सैल होतो आणि तुकड्या-तुकड्याने ढासळतो. अशी ही कपार घडली. झायनमधील काही झऱ्यांचे पाणी हजार वर्षांहून अधिक काळ दगडात मुरून मग बाहेर येते, असे अभ्यासकांना आढळले आहे.

दुसऱ्या झोपडीपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकराला पाच मिनिटे होती. कपार तेथून जेमतेम अर्धा मैल. वर आकाशाची जी निळी पट्टी दिसत होती, तिच्या पूर्वेकडील टोकाला पांढुरके ढग जमू लागले होते. दादा म्हणाला, "पंधरा-वीस मिनिटांचेच अंतर आहे, बाबा. एवढ्या लांबून आलो आहोत. पाहूनच जाऊ." माझेही मन तेच म्हणत होते. इतक्या दूरवर पुन्हा येणे कोणाला जमणार?

बाबांनी घड्याळ पाहिले. "साडेअकरा ठरले होते," ते म्हणाले. "ढग बघून वेळ वाढवायची नसते, कमी करायची असते." दादा काही बोलणार होता, पण बाबा वळून परत निघालेही होते. खरे सांगायचे तर मला राग आला. आम्ही मुकाट्याने मागे चालू लागलो.

पहिल्या झोपडीपर्यंत सारे ठीक होते. मग दूर कोठेतरी गडगडाट ऐकू आला. आमच्यावर पावसाचा एक थेंबही पडला नाही. पण पुढच्या ओलांडणीला पाणी गढूळ दिसले आणि त्यानंतरच्या ओलांडणीला ते विटकरी झाले. जाताना ज्या दगडावर मी निवांत उभी राहून छायाचित्र काढले होते, तो दगड पाण्याखाली गेला होता. नितळ ओढ्याचा आवाजही आता जाड झाला होता. दादाने बाबांचा हात धरला, मी पुढे होऊन काठीने तळ चाचपला. शेवटच्या तीन ओलांडण्यांत पाणी पोटरीपर्यंत आले होते. आम्ही झपझप चालत वाहनतळाच्या चढाला लागलो आणि तेव्हा कोठे श्वास सोडला.

मोठा पूर आला असे नाही. तासाभराने ओढा पुन्हा ओसरलाही असेल. परंतु आम्ही आणखी अर्धा मैल आत गेलो असतो, तर या गुडघ्यानिशी बाबांना त्या पाण्यातून कसे आणले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. सप्टेंबर २०१५ मध्ये याच उद्यानातील कीहोल नावाच्या अरुंद घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने सात जणांचा बळी घेतला होता. दगड पाणी लगेच शोषत नाही, त्यामुळे दूरवर पडलेला पाऊस बघता बघता घळीत उतरतो.

गाडीपाशी बसून बाबांनी बूट काढले, मोजे पिळले आणि म्हणाले, "जाताना जितक्या मोजल्या, येतानाही तितक्याच. रोकड जुळली." दादा खाली मान घालून म्हणाला, "बाबा, तुमचेच बरोबर होते." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढेच.

टिंबर क्रीकचा कट्टा

दुपारी चारच्या सुमारास आकाश स्वच्छ झाले. आम्ही रस्त्याच्या शेवटच्या टोकाला गेलो. येथून टिंबर क्रीक दृश्यस्थळापर्यंत जाऊन येऊन दीड किलोमीटरांची सोपी वाट आहे. उंची सुमारे १,९०० मीटर. शेवटच्या खडकावर बसले की एका बाजूला कोलॉबची सारी बोटे, दुसऱ्या बाजूला पाइन व्हॅलीचे डोंगर आणि दक्षिणेला थेट ग्रँड कॅनियनच्या दिशेने पसरलेला प्रदेश दिसतो.

सूर्य पश्चिमेकडे कलू लागला तसे कडे पेटल्यासारखे झाले. आधी विटकरी, मग शेंदरी, मग पिकलेल्या डाळिंबासारखे. आमच्याखेरीज तेथे फक्त एक कुटुंब होते, तेही कुजबुजत बोलत होते. बाबा दीड तास त्या खडकावर बसून होते आणि बोलत होते. आईला घेऊन ते लग्नानंतर महाबळेश्वरला गेले होते, परतीची एसटी चुकली आणि रात्र स्थानकावर काढावी लागली, ही हकीकत त्यांनी सांगितली. आम्ही दोघांनीही ती कधी ऐकली नव्हती. मुख्य दरीतल्या त्या रांगेत ती आम्हाला ऐकायला मिळाली असती का? मला शंका आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

कोलॉबसाठी वेगळे शुल्क नाही, झायनचाच प्रवेशपास येथे चालतो. तो न विसरता सोबत ठेवावा. १ जानेवारी २०२६ पासून झायनसह अकरा उद्यानांत परदेशी पर्यटकांना नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झाला आहे. परदेशी पर्यटकांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पासही आहे. एकाहून अधिक उद्याने पाहणाऱ्या कुटुंबाने आधी आकडेमोड करावी आणि निघण्यापूर्वी चालू दर तपासून घ्यावेत.

कोलॉबमध्ये बस नाही, उपाहारगृह नाही. खाण्याचे पदार्थ व भरपूर पाणी बरोबर घ्यावे. मध्य जुलै ते सप्टेंबर हा तेथील वळवाचा काळ. शक्य असल्यास ऑक्टोबर निवडावा. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होऊ शकतो. हौशी आणि तंदुरुस्त मंडळींसाठी २८७ फूट रुंदीची कोलॉब कमान आहे, पण ती वाट जाऊन येऊन २२ किलोमीटरांची आहे. ज्येष्ठांसाठी टिंबर क्रीकची वाट सर्वांत सोयीची. परदेशप्रवासाचा आरोग्यविमा मात्र ज्येष्ठांसाठी कधीही टाळू नये. तेथील रुग्णालयाचे बिल वर्षानुवर्षांची बचत गिळून टाकू शकते.

ती दुहेरी कमान आमची पाहायची राहिली ती राहिलीच. परतल्यावर मी बाबांना म्हटले, "एवढे एकच राहून गेले." ते म्हणाले, "राहिले म्हणू नये. पुढे ओढलेली शिल्लक म्हणावे."

आता शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते तेव्हा मला तो लाल कडा आठवतो. एखादे आजोबा पासबुक हातात धरून गप्प उभे असतील, तर मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवते आणि गर्दी ओसरल्यावर त्यांच्याशी दोन शब्द बोलते. कितीतरी माणसांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यांना फक्त थोडी शांत जागा हवी असते.